सोर्सवरून पायथन बिल्ड करताना कॉन्फिगरला नेमकं काय काय सांगायचं?

वाट_चुकलेला
सोमवार, संध्या. ७:१२

नमस्कार मंडळी. मी एका संशोधन संस्थेत पावसाच्या आणि धरणसाठ्याच्या नोंदींवर काम करतो. गणितं चालतात ती सामायिक क्लस्टरवर. त्यावर अजून सेंटओएस ७ आहे आणि मला रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) नाही. सिस्टिमचं पायथन ३ म्हणजे ३.६. मला ३.१२ हवंय. तयार बायनरी आणून टाकायला अ‍ॅडमिनची मनाई आहे: जे काही चालवायचं ते याच मशीनवर सोर्सवरून बांधलेलं हवं, असा लेखी नियम आहे. त्यामुळे 'कोंडा (तयार बायनरी पुरवणारं पॅकेज मॅनेजर) टाक' हे उत्तर बाद.

टारबॉल उतरवला, उघडला आणि कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) बघायला ./कॉन्फिगर --हेल्प मारलं, तर पानंच्या पानं ऑप्शन्स. नेटवरच्या प्रत्येक लेखात वेगळी ओळ. कोणी म्हणतं --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स घातलंच पाहिजे, कोणी म्हणतं --एनेबल-शेअर्ड घालू नका, कोणी नुसतं --प्रिफिक्स देऊन मोकळं होतं.

माझ्या गरजा: एचटीटीपीएसवरून डेटा ओढणं, एसक्यूलाइट, नमपाय-पँडास, आणि आमच्याच एका जुन्या सी++ मॉडेलमध्ये पायथन एम्बेड केलेलं आहे ते चालणं. शिवाय आमचं एक सी एक्स्टेन्शन अधूनमधून सेगफॉल्ट होतं (मेमरीच्या चुकीनं कोसळतं), ते शोधायचंय.

कोणते ऑप्शन घालू, कोणते नको, आणि का? 'का' जास्त महत्त्वाचं. (ऑप्शन्सची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच मूळ स्पेलिंग.)


नुसता_वाचक
सोमवार, संध्या. ७:४०

अ‍ॅडमिनला चहा पाजा आणि यूव्ही (तयार पायथन आणि पॅकेजेस आणणारं साधन) वापरू द्या म्हणा. त्यातून येणारी पायथन्स पीजीओ आणि एलटीओ (वेग वाढवायचे कंपाइलचे दोन उपाय) लावून बांधलेली असतात आणि जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ वरही चालतात, म्हणजे तुमच्या सेंटओएस ७ वरसुद्धा. २०२५ नंतर हातानं पायथन कंपाइल करणं हा छंद झाला, गरज नाही.


वाट_चुकलेला
सोमवार, संध्या. ७:५८

चहा पाजून झाला. नियम कायम आहे.


टर्मिनलकाका
सोमवार, रात्री ९:३५

वाचक महाशयांचं म्हणणं सर्वसाधारण माणसासाठी बरोबर आहे. ज्याच्याकडे ठोस कारण नाही त्यानं सोर्सच्या वाटेला जाऊ नये. पण इथे कारण आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. लोक ऑप्शन्सच्या यादीकडे बघून घाबरतात, पण खरे निर्णय त्या यादीत नसतातच. तुम्ही न सांगता कॉन्फिगर जे ठरवतं ते जास्त घातक. झेडलिब, बीझिप२, एलझेडएमए, एसक्यूलाइट, लिबएफएफआय, रीडलाइन, ओपनएसएसएल यांतल्या ज्याची हेडर फाइल (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणारी) सापडेल त्याचं मॉड्यूल बनतं. जिची सापडणार नाही ते मॉड्यूल गुपचूप गळतं, आणि बिल्ड 'यशस्वी' होतं. आचाऱ्याला सामान मिळालं नाही तर तो पदार्थच पंगतीतून वगळतो, यजमानाला ते कळतं वाढायच्या वेळी.

लक्षात घ्या, .एसओ फाइल (म्हणजे कंपाइल झालेली लायब्ररी) मशीनवर असणं पुरेसं नाही. हेडर लागते, म्हणजे -डेव्हेल पॅकेज (उबुंटू-डेबियनवर -डेव्ह). रूट नसेल तर ते पॅकेज टाकता येत नाही, म्हणून या लायब्रऱ्याही आपल्या होममध्येच बांधाव्या लागतात.

३.१२ मध्ये हे आधीच कळायची सोय आहे. कॉन्फिगर चालताना शेवटी शेवटी 'चेकिंग फॉर एसटीडीलिब एक्स्टेन्शन मॉड्यूल' अशा ओळी येतात आणि प्रत्येकीपुढे 'येस', 'मिसिंग', 'डिसेबल्ड' किंवा 'एन/ए' असतं. तिथेच थांबून 'मिसिंग' ग्रेप करा. बहुतेक जण सरळ मेक लावून जेवायला जातात आणि परत आल्यावर पिप चालत नाही म्हणून धागा काढतात.

काय गळलं तर काय होतं, थोडक्यात:
झेडलिब नाही, तर एन्शुअरपिपच (पिप बसवणारं मॉड्यूल) पडतं, कारण पिपचं व्हील (पॅकेजची तयार फाइल) ही झिप फाइल असते.
_एसएसएल नाही, तर पिप आहे पण एकही पॅकेज उतरत नाही.
_सीटाइप्स नाही (म्हणजे लिबएफएफआय नाही), तर बऱ्याच लायब्रऱ्या इम्पोर्टलाच मान टाकतात.
_एलझेडएमए नाही, तर पँडास 'तुमचं पायथन अपूर्ण आहे' असं सुनावतं.
_टीकेइंटर नाही, तर क्लस्टरवर काहीही बिघडत नाही. सोडून द्या.

आता तुमचा खरा डोंगर ओपनएसएसएल, म्हणजे एचटीटीपीएससाठी लागणारी लायब्ररी. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं सक्तीचं आहे (पेप ६४४; पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव). सेंटओएस ७ वर १.०.२ आहे. त्यामुळे हेडर असूनही _एसएसएल बनणार नाही. स्वतःचं ओपनएसएसएल बांधायचं आणि --विथ-ओपनएसएसएल=$होम/ऑप्ट/ओएसएसएल असा रस्ता द्यायचा. त्याबरोबर --विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो द्यायला विसरू नका (३.१० पासून आहे; आरपाथ म्हणजे चालताना लायब्ररी कुठे शोधायची तो बायनरीत कोरलेला रस्ता). तो नसेल तर बांधताना नवी लायब्ररी सापडते आणि चालताना सापडत नाही.

बाकीचं उद्या. डोळे मिटायला लागलेत.


ओवी
सोमवार, रात्री १०:२०

काकांना एक जोड. ओपनएसएसएल ३ बांधताना --लिबडिर=लिब द्याच. ६४ बिट लिनक्सवर ते आपोआप लिब६४ मध्ये जाऊन बसतं, आणि पायथनचं कॉन्फिगर मात्र तुम्ही दिलेल्या फोल्डरच्या 'लिब' मध्येच शोधतं. सगळं जागेवर असतं आणि तरी 'मिसिंग'. लोकांचे दिवस जातात यात.

दुसरं, सर्टिफिकिट्स. स्वतः बांधलेलं ओपनएसएसएल सीए सर्टिफिकिटं (साइटची ओळख पटवणारी) स्वतःच्याच फोल्डरात शोधतं, आणि ते फोल्डर रिकामं असतं. मग _एसएसएल इम्पोर्ट होतं, पण प्रत्येक साइटवर 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. आणि मग कोणीतरी सल्ला देतं की व्हेरिफाय=फॉल्स टाका. नका टाकू. ओपनएसएसएल बांधताना --ओपनएसएसएलडिर=/ईटीसी/पीकेआय/टीएलएस असं सिस्टिमच्या जागेकडे बोट दाखवा, आणि मेक इन्स्टॉल ऐवजी मेक इन्स्टॉल_एसडब्ल्यू करा. साधं इन्स्टॉल त्या /ईटीसी मध्ये लिहायला जाईल आणि परवानगी नाही म्हणून आपटेल. _एसडब्ल्यू फक्त बायनरी, लायब्ररी आणि हेडर ठेवतं.


पर्लवाले आजोबा
सोमवार, रात्री १०:४४

ओवीताई, उत्तम. ओपनएसएसएल ३ च्या कॉन्फिगला पर्लचे आयपीसी::सीएमडी मॉड्यूल लागते आणि सेंटओएस ७ च्या किमान इन्स्टॉलमध्ये ते बहुधा नसते. पायथन बांधायला निघालेला मनुष्य पर्लचे मॉड्यूल शोधत फिरतो, हे पाहून आम्हाला आनंद होतो हे लपवत नाही. ते शुद्ध पर्लमध्येच आहे, तेव्हा होममध्ये उतरवून पर्ल५लिब त्याकडे वळवावे. रूट लागत नाही.

१.१.१ घ्यावे तर ही कटकट नाही, परंतु त्याचा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला आहे. नव्याने बांधायचे तर ३ घ्यावे.


चिंचगूळ
सोमवार, रात्री ११:०२

पायथनसाठी ओपनएसएसएल, ओपनएसएसएलसाठी पर्ल… पर्लसाठी काय लागतं आजोबा? 😀


पर्लवाले आजोबा
सोमवार, रात्री ११:०९

संयम.


टर्मिनलकाका
मंगळवार, सकाळी ८:१५

काल अर्धवट राहिलं ते.

--प्रिफिक्स: न देता बांधलं तर /यूएसआर/लोकल. तुमच्याकडे रूट नाही म्हणून धोका नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी मेक इन्स्टॉल नव्हे, मेक ऑल्टइन्स्टॉल करावं. पहिलं 'पायथन३' हे नाव बळकावतं, दुसरं फक्त 'पायथन३.१२' ठेवतं. प्रिफिक्सचा रस्ता आधीच नीट ठरवा. नंतर फोल्डर हलवलं तर इंटरप्रिटर बहुधा चालू होईल, पण पिपनं बनवलेल्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्या ओळीत जुना रस्ता कोरलेला असतो, त्या मरतात.

कंपायलर: ३.११ पासून सी११ कंपायलर मागतात. सेंटओएस ७ चा जीसीसी ४.८.५ आहे. त्यात ढकलाढकली करत बसू नका. क्लस्टरवर 'मॉड्यूल अव्हेल' मारा, नवा जीसीसी जवळजवळ नक्की असेल, किंवा डेव्हटूलसेट. जुन्या जीसीसीवर --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स लावल्यावर 'कुड नॉट इम्पोर्ट रनपाय मॉड्यूल' असं येतं ती तक्रार नेटवर शेकड्यांनी सापडेल. दोष त्या ऑप्शनचा नाही, कंपायलरच्या वयाचा आहे.

--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स: म्हणजे पीजीओ. आधी एक इंटरप्रिटर बांधतात ज्यात मोजणी करणारा कोड घातलेला असतो, त्यावर पायथनच्याच टेस्ट्सचा एक भाग चालवतात, कुठल्या फांदीवर जास्त वर्दळ आहे ते नोंदवतात, आणि ती नोंद कंपायलरला देऊन सगळं पुन्हा बांधतात. म्हणून वेळ दुपटीहून जास्त लागतो. --विथ-एलटीओ म्हणजे लिंक करताना सगळ्या फाइल्स एकत्र बघून आणखी पिळून काढणं. दोन्ही एकत्र लावतात.

पण तुम्हाला याचा उपयोग किती? तुमचा वेळ नमपायच्या आत जात असेल तर जवळजवळ शून्य. नमपायचं सी आणि फोरट्रानचं पोट वेगळं कंपाइल झालेलं असतं, त्याला पायथनच्या पीजीओशी देणंघेणं नाही. शुद्ध पायथनमधले लूप, फाइल पार्सिंग, जेसन यांत फरक जाणवेल. एकदाच बांधायचंय तर लावा; रोज बांधून मोडून बघायचंय तर लावू नका.


पेठकर_पीएचपी
मंगळवार, सकाळी ९:५०

पायथनवाल्यांच्या पंगतीत पीएचपीवाला घुसतोय, सांभाळून घ्या. पण 'गुपचूप गळतं' यावरून राहवलं नाही.

पीएचपीत एमबीस्ट्रिंग हे मुळात चालू नसतं. --एनेबल-एमबीस्ट्रिंग दिलं तरच येतं. इंग्रजी साइटला ते नसलं तरी वर्षानुवर्षं कळत नाही. मराठी साइटला पहिल्या दिवशी कळतं. स्ट्रलेन('मराठी') म्हणजे १५, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एमबी_स्ट्रलेन देतं ५: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. आणि माणसाला दिसतात ती तीन अक्षरं मोजायची असतील तर ग्राफीम_स्ट्रलेन, त्यासाठी --एनेबल-इंटल आणि आयसीयू (युनिकोडची लायब्ररी). तर बातमीचा मथळा साठ अक्षरांवर कापायचा या क्षुल्लक कामाचं उत्तर कंपाइल करताना कोणी काय लिहिलं यावर ठरतं.

आणि ७.४ मध्ये त्यांनी ऑप्शन्सची नावंच बदलली. --विथ-जीडी (चित्रांचं एक्स्टेन्शन) चं --एनेबल-जीडी झालं, --विथ-फ्रीटाइप-डिर चं --विथ-फ्रीटाइप. एमबीस्ट्रिंगबरोबर येणारं ओनिगुरुमा (रेग्युलर एक्स्प्रेशनची लायब्ररी) काढून टाकलं, ते आता बाहेरून आणायचं. जुनी स्क्रिप्ट नव्या सोर्सवर चालवली की जीडीशिवायचं पीएचपी तयार, आणि एरर एकही नाही.


ओवी
मंगळवार, सकाळी १०:१५

@पेठकर, एरर नाही हेच तर! ऑटोकॉन्फला (अशा कॉन्फिगर स्क्रिप्ट्स बनवणारं साधन) न ओळखता येणारा ऑप्शन दिला तर तो फक्त एक वॉर्निंग देतो, तीही हजार ओळींच्या मध्ये, आणि पुढे जातो. --एनेबल-ऑप्टिमायझेशन असं शेवटचा 'स' खाऊन लिहिलंत तरी बिल्ड आनंदात पूर्ण होतं, फक्त पीजीओ नसतं.

उपाय सोपा आहे आणि तरी कोणी वापरत नाही: --एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल. मग अनोळखी ऑप्शन दिसला की कॉन्फिगर तिथेच थांबतं. डॉकरची अधिकृत पायथन इमेज बांधणारी फाइल उघडून बघा, त्यात हे आहे. माझ्या मते ओपीनं (धागा काढणाऱ्यानं) --प्रिफिक्सच्या आधी हे लिहावं. फक्त एक, हे पायथनच्या कॉन्फिगरलाच. ओपनएसएसएलचं कॉन्फिग ऑटोकॉन्फचं नाही, पर्लचं आहे, ते वेगळं प्रकरण.


नुसता_वाचक
मंगळवार, सकाळी १०:३१

हे मला माहीत नव्हतं. +१. (यूव्हीचा मुद्दा मागे घेत नाही.)


मोडीवेडा
मंगळवार, दुपारी १:०५

मी प्रोग्रामर नाही, मोडी कागदपत्रांचं लिप्यंतर करताना थोडंफार पायथन लिहितो. पण कंपाइल-टाइम ऑप्शनचा फटका मला बसलेला आहे म्हणून लिहितो.

देवनागरी युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांत बसते. मोडी बसत नाही, ती २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली आणि थेट ११६०० (हेक्स) पासून पुढे. आता पायथन २ बांधताना --एनेबल-युनिकोड=यूसीएस२ की यूसीएस४ असा पर्याय असायचा. यूसीएस२ म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन बाइट. त्या बिल्डमध्ये देवनागरी 'क' ची लांबी १, आणि मोडी 'क' ची लांबी २! एक अक्षर सरोगेट जोडीत मोडलेलं. स्ट्रिंग उलटी केली की कचरा. आमच्या एका सहकाऱ्याच्या लिनक्सवर तीच स्क्रिप्ट नीट चालायची, कारण लिनक्सवाले बहुधा यूसीएस४ बांधायचे, आणि माझ्या मॅकवर नाही. आम्ही फाइलवर संशय घेत बसलो होतो.


टर्मिनलकाका
मंगळवार, दुपारी २:२२

मोडीवेडा, दंडवत. याहून चांगलं उदाहरण मी शोधूनही दिलं नसतं.

ओळखायची खूण: सिस.मॅक्सयुनिकोड. ६५५३५ आलं तर अरुंद बिल्ड, १११४१११ आलं तर रुंद. त्या काळी एका प्रकारच्या पायथनसाठी बांधलेलं सी एक्स्टेन्शन दुसऱ्यावर इम्पोर्ट केलं की 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: पाययुनिकोडयूसीएस४…' अशी लांबलचक एरर यायची. व्हील्ससुद्धा दोन निघायची, 'एमयू' आणि नुसती 'एम'.

३.३ मध्ये (पेप ३९३) हा पर्यायच काढून टाकला. आता प्रत्येक स्ट्रिंग स्वतःपुरतं ठरवते: सगळं लॅटिन-१ असेल तर अक्षरामागे एक बाइट, देवनागरी असेल तर दोन, मोडी असेल तर चार. जाता जाता: देवनागरीतल्या मोठ्या मजकुरात एक इमोजी आली की ती अख्खी स्ट्रिंग अक्षरामागे चार बाइटवर जाते. चिंचगूळनं टाकलेल्या स्माइलीची किंमत.

बिल्डच्या वेळी ठरणारी गोष्ट रनटाइमवर नेता आली तर न्यावी, हे त्यांनी तिथे केलं. --विदाउट-थ्रेड्स पण ३.७ मध्ये गेलं. पण उलट दिशेनंही रहदारी चालू आहे, --डिसेबल-जीआयएल बघा (जीआयएल म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप).


चिंचगूळ
मंगळवार, दुपारी २:४०

काका, तेच विचारणार होतो! ३.१३ घेऊन --डिसेबल-जीआयएल लावलं तर ओपीचं पावसाचं गणित सोळा कोअरवर सुसाट नाही का जाणार?


ओवी
मंगळवार, दुपारी ३:३०

नाही जाणार, निदान आपोआप नाही.

एक, ते मुळात थ्रेड्स वापरून लिहिलेलं हवं. दोन, फ्री-थ्रेडेड (जीआयएल नसलेल्या) बिल्डचा एबीआय (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळायची रीत) वेगळा, नावालाच 'टी' लागतो (पायथन३.१३टी), त्यामुळे प्रत्येक एक्स्टेन्शन त्यासाठी वेगळं बांधलेलं हवं. तीन, एखाद्या एक्स्टेन्शननं 'मी जीआयएलशिवाय चालतो' असं जाहीर केलेलं नसेल तर ते इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर वॉर्निंग देऊन जीआयएल पुन्हा चालू करतो. ओपीचं ते जुनं सेगफॉल्ट होणारं एक्स्टेन्शन आठवा. सिस._इज_जीआयएल_एनेबल्ड() विचारून बघता येतं.

आणि एका थ्रेडवर किंमत मोजावी लागते. ३.१३ मध्ये पायपरफॉर्मन्सवर (पायथनच्या वेगचाचण्यांचा संच) ही घट साधारण ४० टक्के होती, ३.१४ मध्ये ५ ते १० टक्क्यांवर आली, आणि ३.१४ पासून तो अधिकृतपणे समर्थित प्रकार आहे. म्हणजे खेळून बघायचं तर ३.१४. पण ओपीच्या कामाला आत्ता नको.


पर्लवाले आजोबा
मंगळवार, दुपारी ४:१२

हे नाटक आम्ही पाहिलेले आहे. पर्लमध्ये -डीयूजथ्रेड्स देऊन बांधले की आर्किटेक्चरच्या नावाला 'थ्रेड-मल्टी' शेपूट लागते, सर्व एक्सएस (सी मध्ये लिहिलेली) मॉड्यूले वेगळी, आणि थ्रेड न वापरणाऱ्यासही मंदपणाचा भुर्दंड. आज पर्लच्याच दस्तऐवजात ते थ्रेड वापरण्यास परावृत्त केलेले आहे. तरी अनेक डिस्ट्रो पर्ल तसेच बांधतात, कारण एकदा एबीआय ठरला की बदलायचे धाडस कोण करणार? पायथनचे नशीब वेगळे असो.


चिंचगूळ
मंगळवार, दुपारी ४:३०

मग जेआयटी? --एनेबल-एक्सपेरिमेंटल-जेआयटी? टेल-कॉल इंटरप्रिटर? काहीतरी तर सुसाट असेल ना!


टर्मिनलकाका
मंगळवार, संध्या. ६:०५

जेआयटीला (प्रोग्राम चालतानाच त्याचा मशीन कोड बनवण्याची सोय) बांधताना ठरावीक आवृत्तीचं एलएलव्हीएम (कंपायलरची साधनं) लागतं, ३.१३ ला १८ आणि ३.१४ ला १९. चालताना लागत नाही. नावातच 'एक्सपेरिमेंटल' आहे ते उगाच नाही. सध्या वेगाची अपेक्षा ठेवून लावू नये.

टेल-कॉलची (इंटरप्रिटरचा गाभा वेगळ्या रीतीनं बांधण्याची) गोष्ट मात्र प्रत्येक बेंचमार्कवेड्यानं वाचावी. ३.१४ साठी --विथ-टेल-कॉल-इंटर्प आलं तेव्हा आधी ९ ते १५ टक्के वाढ जाहीर झाली. मग लक्षात आलं की ज्या क्लँग १९ (कंपायलर) च्या साध्या बिल्डशी तुलना केली होती, त्या क्लँगमध्येच एक दोष होता आणि त्यामुळे जुना इंटरप्रिटर विनाकारण हळू बांधला जात होता. दुरुस्त तुलनेत वाढ ३ ते ५ टक्के राहिली. नवं वेगवान नव्हतं तितकं, जुनं लंगडं झालं होतं. आणि काम करणाऱ्यांनी ते उघडपणे सांगून आकडे बदलले, हे विशेष.

तेव्हा चिंचगूळ, कोणी आकडा सांगितला की आधी विचारायचं: कुठल्या कंपायलरवर, कशाच्या तुलनेत?

ओपीसाठी एक इशारा. क्लस्टरवर सीफ्लॅग्ज मध्ये -मार्च=नेटिव्ह घालायचा मोह होईल. नका घालू. लॉगइन नोड बहुधा नवा असतो आणि कॉम्प्युट नोड जुने. लॉगइनवर बांधलेलं तिकडे जाऊन 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळतं, तेही सगळ्या नोडवर नाही, काहींवरच. शिवाय कॉन्फिगरला दिलेले सीफ्लॅग्ज सिसकॉन्फिगमध्ये साठतात आणि पुढे पिपनं कंपाइल केलेलं प्रत्येक एक्स्टेन्शन ते उचलतं. फ्लॅग फक्त इंटरप्रिटरपुरता हवा असेल तर सीफ्लॅग्ज_नोडिस्ट वापरा.


वाट_चुकलेला
मंगळवार, रात्री ८:२०

केवढं मोठं ज्ञान मिळतंय! सगळ्यांचे आभार. --एनेबल-शेअर्डचं काय ते राहिलं. आणि सेगफॉल्टसाठी --विथ-पायडीबग लावायचं म्हणतात, ते याच बिल्डमध्ये?


ओवी
मंगळवार, रात्री ९:१०

याच बिल्डमध्ये अजिबात नाही. दोन वेगळी बिल्डं, दोन वेगळे प्रिफिक्स. सोर्स फोल्डरच्या आत न बांधता बाहेर बांधा: 'बिल्ड-रिलीज' आणि 'बिल्ड-डीबग' अशी दोन फोल्डरं, प्रत्येकात जाऊन ../पायथन-३.१२/कॉन्फिगर. फक्त मूळ फोल्डर स्वच्छ हवं, तिथे आधी कॉन्फिगर चालवलं असेल तर मेक डिस्टक्लीन करून घ्या.

पायडीबग लावलं की आतले असर्ट (चूक दिसताच थांबवणाऱ्या तपासण्या) चालू होतात, मेमरी अ‍ॅलोकेटरवर पहारा बसतो, आणि सिस.गेटटोटलरेफकाउंट() मिळतं. एक्स्टेन्शनमध्ये पायडेकरेफ (वस्तूचा रेफरन्स सोडणारा कॉल) एकदा जास्त झालं असेल तर जिथे चूक झाली त्याच्या जवळपास कोसळतं, तासाभरानं भलतीकडे नाही. हळू असतं, म्हणून पीजीओ त्याला लावू नका, अर्थ नाही.

चांगली गोष्ट: ३.८ पासून डीबग आणि रिलीज बिल्डचा एबीआय जुळतो. म्हणजे नमपाय-पँडास डीबगसाठी पुन्हा कंपाइल करायची गरज नाही, नेहमीची व्हील्स चालतात. त्याआधी सगळं पुन्हा बांधावं लागायचं, म्हणून लोक पायडीबगला भ्यायचे. ती भीती आता जुनी झाली. --विथ-ट्रेस-रेफ्स मात्र घालू नका, आत्ता गरज नाही.


टर्मिनलकाका
मंगळवार, रात्री ९:४८

--एनेबल-शेअर्ड: तुमचं सी++ मॉडेल लिबपायथन३.१२.एसओ शी लिंक होत असेल तर लागेल. नसेल तर नको. 'शेअर्ड केलं की हळू होतं' ही तक्रार खरी होती. शेअर्ड लायब्ररीत प्रत्येक फंक्शन बाहेरून कोणी बदलू शकेल असं धरून जीसीसीला चालावं लागायचं, त्यामुळे इनलाइन करता यायचं नाही. रेड हॅटनं आरएचईएल ८.२ मध्ये -एफनो-सिमँटिक-इंटरपोझिशन लावून ३० टक्क्यांपर्यंत वाढ दाखवली, आणि ३.१० पासून --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स दिलं की तो फ्लॅग आपोआप लागतो. म्हणजे तुम्हाला शेअर्ड हवं असेल तर पीजीओ लावायला हे आणखी एक कारण.

पण शेअर्डबरोबर आरपाथ द्यायचाच: एलडीफ्लॅग्ज="-डब्ल्यूएल,-आरपाथ=$होम/ऑप्ट/पाय३१२/लिब". नाही दिला तर 'लिबपायथन३.१२.एसओ.१.० सापडत नाही' येईल. ते परवडलं. क्लस्टरवर मॉड्यूल लोड करून दुसरं कोणाचं ३.१२ एलडी_लायब्ररी_पाथमध्ये आलं असेल तर तुमची बायनरी त्याची लायब्ररी उचलेल आणि निमूट चालू राहील. वेगवेगळ्या ऑप्शन्सनी बांधलेली दोन शरीरं, एक डोकं.

तर रिलीजसाठी माझी ओळ:

./कॉन्फिगर --एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल --प्रिफिक्स=$होम/ऑप्ट/पाय३१२ --विथ-ओपनएसएसएल=$होम/ऑप्ट/ओएसएसएल --विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो --एनेबल-शेअर्ड --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स --विथ-एलटीओ एलडीफ्लॅग्ज=…

लिबएफएफआय होममध्ये बांधलं असेल तर त्याला वेगळा --विथ नाही, पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये त्याचं फोल्डर घाला. एसक्यूलाइट सेंटओएसचं ३.७.१७ आहे, ३.१२ ला चालतं. ३.१३ वर गेलात तर ३.१५.२ लागेल, तेव्हा तेही बांधावं लागेल.


वाट_चुकलेला
गुरुवार, संध्या. ५:५५

झालं बांधून! 'मिसिंग'मध्ये फक्त _टीकेइंटर आणि _जीडीबीएम उरले, दोन्ही नकोच होते. आधी _एलझेडएमए पण होतं, एक्सझेड (ज्यातून एलझेडएमए येतं ते) होममध्ये बांधून ते मिटवलं. आयपीसी::सीएमडी खरंच नव्हतं, आजोबांचे खास आभार.

डीबग बिल्डवर आमचं एक्स्टेन्शन चालवलं तर पहिल्याच फाइलला असर्ट पडला. नोंदींची यादी परत करताना उधार रेफरन्स सोडला जात होता. ज्यांनी लिहिलं ते केव्हाच संस्था सोडून गेले आहेत, दुरुस्ती मीच करतोय.

आता प्रश्न: क्लस्टरवर आणखी तिघांनी आपापली पायथनं बांधलेली सापडली. कोणती कशी बांधली ते कळायचा काही मार्ग?


ओवी
गुरुवार, संध्या. ६:२०

आहे ना. त्या त्या पायथनमध्ये सिसकॉन्फिग इम्पोर्ट करून सिसकॉन्फिग.गेट_कॉन्फिग_व्हार('कॉन्फिग_आर्ग्ज') छापा. कॉन्फिगरला दिलेली ओळ जशीच्या तशी मिळते. पण लायब्ररी सापडली की नाही ते त्यात नसतं, त्यासाठी एसएसएल, सीटाइप्स, एलझेडएमए, एसक्यूलाइट३ एकेक इम्पोर्ट करून बघा. आणि एसएसएल.ओपनएसएसएल_व्हर्जन छापा.


पेठकर_पीएचपी
गुरुवार, संध्या. ६:४१

आमच्याकडे पीएचपी -आय मध्ये 'कॉन्फिगर कमांड'. आजोबांकडे पर्ल -व्ही (कॅपिटल).


वाट_चुकलेला
गुरुवार, रात्री ८:०३

तिन्ही तपासली. एकात _एसएसएल नाही. दुसऱ्याचे ऑप्शन्स रिकामे, नुसता प्रिफिक्स. तिसऱ्यात --एनेबल-ऑप्टिमायझेशन, 'स' शिवाय.


ओवी
गुरुवार, रात्री ८:०५

😂😂


चिंचगूळ
गुरुवार, रात्री ८:३०

माझ्याकडे मॅक आहे, होमब्रूचं ओपनएसएसएल आहे, तरी _एसएसएल मिसिंग येतंय. इथेच विचारू का?


टर्मिनलकाका
गुरुवार, रात्री ८:५२

नवा धागा काढा, इथे सरमिसळ होईल. काढताना कॉन्फिगरची अख्खी ओळ आणि कॉन्फिग.लॉगमधला ओपनएसएसएलच्या आसपासचा भाग डकवा. नुसतं 'चालत नाही' लिहिलंत तर उत्तर देणार नाही.